व्यायामापूर्वीं वैद्यकीय तपासणी : कोणाची व कशासाठीं ?

डिसेंबर उजाडला कीं शाळेच्या पटांगणावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटूं लागतात, आणि त्याच सुमारास वर्गशिक्षकांच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा वाढत जातो. वार्षिक क्रीडास्पर्धांत उतरूं इच्छिणाऱ्या मुलामुलींचे ते वैद्यकीय दाखले होत. प्रत्येकावरील मजकूर ठराविक असतो : सदर विद्यार्थ्याची प्रकृति उत्तम असून खेळांत भाग घेण्यास हरकत नाहीं. खालीं सही व शिक्का. एकाच गल्लींतील दहा-पंधरा मुलांचे दाखले एकाच दिवशीं, एकाच शाईनें लिहिलेले येतात. "डॉक्टरांनीं छातीला नळी लावून पाहिलें काय ?" असें एखाद्याला विचारावें, तर तो निष्पापपणें सांगतो, "मी गेलोंच नाहीं, सर. बाबा जाऊन घेऊन आले." यांत डॉक्टरांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यापाशीं सही मागितली जाते, व ते सही देतात. तपासणी कोणी मागतच नाहीं. शाळेला कागद मिळाला, पालकांचें काम झालें, मुलगा धांवावयास मोकळा झाला. परंतु त्या मुलाच्या प्रकृतीविषयीं कोणाच्याहि ज्ञानांत कवडीची भर पडलेली नसते.

निरोगी दिसणाऱ्या मनुष्यानें व्यायामास आरंभ करण्यापूर्वीं स्वतःस तपासून घ्यावें कीं नाहीं, या प्रश्नावर आमच्या सोलापुरांत हल्लीं दोन मतें ऐकूं येतात. एक मत तालमीचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींचें. ते म्हणतात, आमच्या आजोबांनीं भाकरीवर आणि दुधावर हजार जोर काढले, त्यांनीं कोणा डॉक्टरास विचारलें होतें काय ? दुसरें मत अलीकडचें आहे, व तें भीतींतून उपजलेलें आहे. २९ ऑक्टोबर २०२१ रोजीं कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार यांना व्यायामानंतर अस्वस्थ वाटूं लागलें व त्याच दिवशीं, अवघ्या ४६ व्या वर्षीं, ते निवर्तले. आपल्या शहरांत कानडी बोलणारीं घरें पुष्कळ. तेथें तर घरचाच मनुष्य गेल्यासारखा शोक झाला. पुढें कित्येक दिवस बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयांत तपासून घेणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि व्यायाम करावयाचा तर आधीं साऱ्या तपासण्या करून घ्या, नाहीं तर त्याच्या वाटेस जाऊंच नका, असा उपदेश घरोघर सुरू झाला. पहिलें मत धीट आहे, दुसरें सावध आहे. परंतु कोणाला, कोणत्या व्यायामाकरितां, कसली तपासणी हवी, हा विचार दोहोंतहि नाहीं. तो येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

तालमीच्या बाजूनें बोलणाऱ्यांवर मात्र अन्याय होऊं नये. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम हीं नांवें सोलापुरांत लहान पोरासहि ठाऊक असतात, व तालमींतील शिस्त हा आपल्या लोकांचा मोलाचा ठेवा आहे. जुन्या वस्तादापाशीं छातीला लावावयाची नळी नव्हती हें खरें, पण त्याच्यापाशीं डोळा होता. नवा पोरगा आखाड्यांत आला म्हणजे वस्ताद त्याला पहिल्याच दिवशीं कुस्तीला सोडीत नसे. आधीं हौद्यांतील माती खणावयाची, थोरल्या पैलवानांचें अंग रगडावयाचें, पांच-दहा जोर आणि दहा-वीस बैठका काढून बाजूस बसावयाचें. महिने लोटले, अंगांत पाणी दिसूं लागलें, म्हणजे मग जोड. पोराचा दम किती टिकतो, त्याचे ओठ काळवंडतात काय, दुसऱ्या दिवशीं तो हुशारीनें येतो कीं पाय ओढीत येतो, हें सगळें वस्ताद न बोलतां टिपीत असे. ही एक तपासणीच होती, आणि ती वर्षांतून एकदां नव्हे, दररोज होत असे. ज्या आजोबांचा दाखला आज दिला जातो, त्यांचे हजार जोर कित्येक वर्षांच्या चढत्या क्रमाचें फळ होतें, एवढें सांगावयाचें मात्र नातवंडें विसरतात. वस्तादाच्या डोळ्याची मर्यादा दुसरीकडे होती. वरून धट्टाकट्टा दिसणाऱ्या एखाद्या मुलाच्या हृदयाचा स्नायु जन्मतःच नको तितका जाड असूं शकतो, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. तेथून पुढें वैद्याचें काम.

व्यायाम आणि वैद्यक यांची सांगड घालणें ही परकीयांची लहर आहे, असेंहि कोणी समजूं नये. बडोद्यास प्रो. माणिकराव यांच्या हाताखालीं तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, तें केवळ आसनें शिकविण्याकरितां नव्हे. योगक्रियांनीं शरीरांत काय घडतें, रक्तदाब कसा बदलतो, हें क्ष-किरण व इतर यंत्रें यांच्या साह्यानें पाहून तें ‘योगमीमांसा’ या नियतकालिकांत छापण्याचा उद्योग त्यांनीं त्याच वर्षापासून आरंभिला. तिकडे अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेचे प्रमुख डॉ. डडले सार्जंट हे १८७९ पासून विद्यार्थ्याचें शरीर मोजून व तपासून मगच त्याला त्याच्यापुरता व्यायाम आंखून देत असत. (आमच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांना मौज वाटेल म्हणून सांगतों : १८९१ सालीं हा खेळ ज्यांनीं काढला ते जेम्स नेस्मिथ पुढें वैद्यक शिकले व १८९८ त डॉक्टर झाले.)

आतां भीतीकडे वळूं. व्यायाम करतांना मनुष्य अकस्मात् मरतो काय ? क्वचित् मरतो. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत अमेरिका व जर्मनी या दोन देशांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या हजारांहून अधिक रुग्णांना, झटक्यापूर्वींच्या तासांत आपण काय करीत होतां, असें विचारण्यांत आलें. अमेरिकेंतील उत्तरांवरून असें दिसलें कीं, जो मनुष्य एरवीं अंग हालवीत नाहीं त्यानें एकाएकीं जड श्रम केले, तर त्या तासाभरांत त्याला झटका येण्याचा संभव नेहमींच्या शंभर पटींहूनहि अधिक वाढतो. आणि जो आठवड्यांतून पांच किंवा अधिक वेळां नेमानें श्रम करतो, त्याच्या बाबतींत ही वाढ अडीच पटींचीहि भरत नाहीं. एका तासापुरता मूळचा संभव अत्यंत लहान असल्यामुळें शंभर पटीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु या दोन आंकड्यांतील अंतर पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. घातक ठरते ती संवयीवांचून घेतलेली उडी. नेमाचा व्यायाम त्याच धोक्यापासून मनुष्याचें रक्षण करतो.

वय पस्तिशीच्या पुढें गेलें असेल तर अशा मृत्यूचें कारण बहुधा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आंतून अरुंद झालेल्या असणें, हेंच असतें. त्याहून लहान वयांत कारणें निराळीं : स्नायूची जन्मजात जाडी, रक्तवाहिनीचा उगम भलत्या जागीं असणें, किंवा हृदयाचा ताल राखणाऱ्या विजेंत वंशपरंपरेनें आलेला बिघाड. गरीब वस्त्यांतील मुलांच्या बाबतींत आणखी एका दुखण्याकडे लक्ष हवें. घसा सुजून ताप येतो, मग गुडघे, घोटे असे सांधे पाळीपाळीनें सुजतात. दुखणें जातें, पण जातांना हृदयाच्या झडपा खराब करून जातें. आई म्हणते, "लहानपणीं वात आला होता, बरा झाला." तो वात कोणता होता हें कोणी विचारलेलें नसतें.

हा सगळा विचार आम्हांला विशेष तातडीचा वाटतो तो आमच्या माजी विद्यार्थ्यांमुळें. दहावी-बारावी झालेला आमचा कितीतरी मुलगा आज पोलीस किंवा सैन्य यांच्या भरतीकडे डोळे लावून बसलेला आहे. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या बापाला मुलाच्या अंगावर खाकी दिसावी यापरतें दुसरें स्वप्न नसतें, आणि त्या स्वप्नांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पण ही मुलें तयारी कशी करतात तें पाहावें. जाहिरात निघेपर्यंत वर्षभर आळस. ती निघाली कीं पहांटे चारला उठून हमरस्त्यावर धांव. पहिल्याच आठवड्यांत मित्राच्या बरोबरीनें पांच किलोमीटर. पायांत चपटे, झिजलेले बूट. पोटांत कांहीं नाहीं. कोणी दिलेली ताकदीची पूड पाण्यांत ढवळून घेतलेली. अंगांत कणकण असली तरी खाडा करावयाचा नाहीं, कारण दिवस थोडे उरलेले ! तापाच्या दुखण्यांत कधीं कधीं हृदयाच्या स्नायूला सूज येते, व अशा वेळीं केलेली जोराची धांव प्राणावर बेतूं शकते, हें या मुलांना कोणी सांगितलेलेंच नसतें.

जून २०१४ मध्यें मुंबईंत पोलीसभरतीच्या वेळीं काय झालें तें पुष्कळांना स्मरत असेल. गांवोगांवाहून आलेले तरुण उकाड्यांत ५ किलोमीटर धांवले. त्यांतील कित्येक कोसळले व कांहीं दगावले. त्यानंतर शासनानें हें अंतर ५ वरून ३ किलोमीटरवर आणिलें, आणि पुढें शिपायाच्या जागेसाठीं पुरुष उमेदवारांस १६०० मीटर एवढेंच धांवणें राहिलें. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत झारखंड राज्यांत तोच प्रकार याहून भयंकर रीतीनें घडला : उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतींत १० किलोमीटर धांवतांना दहाहून अधिक उमेदवारांचा अंत झाला. हे कोणी रोगी, जर्जर लोक नव्हते. सारे ऐन उमेदींतील तरुण होते. अंतर कमी केलें हें चांगलें झालें. परंतु त्या मैदानावर पोंचण्यापूर्वींच्या सहा महिन्यांत मुलानें काय केलें, आणि त्याच्या घराण्यांत कोणी तरुणपणीं अचानक गेलें आहे काय, हें पाहणें शासनाच्या हातीं नाहीं. तें घरच्यांच्या हातीं आहे.

तर मग सरसकट सगळ्यांचीच संपूर्ण तपासणी कां करूं नये ? इटली देशानें जवळ जवळ तेंच केलें. तेथें १९८२ पासून स्पर्धेंत उतरणाऱ्या खेळाडूची ठराविक मुदतीनें तपासणी होते, व तींत हृदयाचा विद्युत्-आलेख, ज्याला आपण सारे ईसीजी म्हणतों, तो काढावाच लागतो. त्या देशांतील व्हेनेतो प्रांताच्या १९७९ ते २००४ पर्यंतच्या नोंदी पाहतां तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यु सुमारें नव्वद टक्क्यांनीं घटलेले दिसले. अमेरिकेंतील तज्ज्ञ मात्र प्रत्येक निरोगी मुलाचा आलेख काढा असें सांगत नाहींत. घरचा इतिहास विचारणें आणि नीट अंगतपासणी करणें यांवर ते भर देतात. कारण आलेखांत कित्येकदां निर्दोष हृदयांतहि दोषाचा भास होतो, मग एका भासापायीं दहा तपासण्या, खर्च, आणि खेळणाऱ्या मुलाचें वर्ष वायां. हा वाद अजून मिटलेला नाहीं, व तो आम्ही मिटवूं इच्छीत नाहीं. परंतु एक प्रसंग दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारा आहे. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्कचा फुटबॉलपटु क्रिश्चन एरिक्सन चालू सामन्यांत कोसळला. तो त्या वेळीं इटलींतील इंटर मिलान संघाचा खेळाडू होता. म्हणजे जगांतील सर्वांत कडक तपासणींतून तो गेलेला होता. त्याला जीवदान मिळालें तें पूर्वींच्या कागदांमुळें नव्हे, मैदानावर असलेल्यांनीं तत्काळ त्याची छाती दाबण्यास आरंभ केला व विजेचा धक्का देणारें यंत्र जवळ होतें, म्हणून. छाती दाबण्याची ती कृति शिकावयास एक दुपार पुरते. ती आमच्या नववी-दहावीच्या मुलामुलींना व क्रीडाशिक्षकांना दरवर्षीं शिकविली जावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्यासारख्या शहराला परवडणारा मार्ग याहून साधा आहे. १९७० च्या दशकांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत सात प्रश्नांचें एक पत्रक तयार झालें. तें १५ ते ६९ वर्षांच्या माणसांकरितां होतें, व व्यायाम सुरू करण्यापूर्वीं ज्याचें त्यानें तें भरावयाचें होतें. हृदयाचा विकार आहे असें डॉक्टरांनीं कधीं सांगितलें आहे काय ? श्रम करतांना छातींत दुखतें काय ? गेल्या महिन्यांत स्वस्थ बसलेलें असतां दुखलें काय ? घेरी येऊन तोल गेला किंवा शुद्ध हरपली, असें झालें काय ? श्रमानें वाढेल असें हाडाचें वा सांध्याचें दुखणें आहे काय ? रक्तदाबाचें किंवा हृदयाचें औषध चालू आहे काय ? व्यायाम करूं नये असें दुसरें कांहीं कारण तुम्हांस ठाऊक आहे काय ? सातांचेंहि उत्तर प्रामाणिकपणें ‘नाहीं’ असें आलें तर हळूहळू सुरुवात करावी; एकाचें जरी ‘होय’ आलें तरी आधीं डॉक्टरांकडे जावें. इतकाच त्याचा मथितार्थ. २०१५ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन या संस्थेनेंहि आपले नियम सोपे केले. मनुष्य आज व्यायाम करतो कीं नाहीं, त्याला हृदयाचा, मधुमेहाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार किंवा त्याचीं लक्षणें आहेत काय, आणि त्याला किती जोराचा व्यायाम करावयाचा आहे, एवढें ते पाहतात. व्यायाम न करणाऱ्या पण निरोगी मनुष्यास चालण्यासारख्या हलक्या वा मध्यम व्यायामाकरितां कोणाच्याहि परवानगीची गरज नाहीं, असें ते स्वच्छ सांगतात. ज्यांना डॉक्टरांची फी भारी वाटते अशा आमच्या शेंकडों पालकांना हें ऐकून बरें वाटावें. उद्यां सकाळीं सिद्धेश्वर तलावाकडे अर्धा तास चालून येण्यास कोणाचाहि दाखला लागत नाहीं.

मुलांसाठीं त्या सात प्रश्नांत आम्ही आणखी तीन घालूं. घराण्यांत, आईकडील किंवा वडिलांकडील, कोणी पन्नाशीच्या आंत अचानक गेलें आहे काय ? धांवतांना मूल कधीं बेशुद्ध पडलें आहे काय, किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षां लौकर धापा टाकतें काय ? सांधे सुजणारा ताप कधीं येऊन गेला आहे काय ? खेळण्याच्या भरांत शुद्ध हरपणें हें लक्षण ‘ऊन लागलें असेल’, ‘उपाशी होता’ असें म्हणून सोडून देऊं नये. तें डॉक्टरांस दाखवावेंच.

प्रश्न सोपे आहेत, पण उत्तरें देणें अवघड जातें, आणि येथें आम्हांला पालकांशीं स्पष्ट बोललें पाहिजे. घरोघर दुखणीं झांकून ठेवण्याची चाल आहे. मुलीला लहानपणीं फिट आली असेल, हृदयांत जादा आवाज आहे असें कोणी डॉक्टर म्हणाले असतील, तर तें शाळेच्या कागदावर येतां कामा नये, कारण पुढें लग्नाच्या वेळीं तें बाहेर फुटेल ! मुलाला दम्याचा त्रास असेल तर तें लिहावयाचें नाहीं, कारण भरतींत त्याला नाकारतील ! आम्हांला ही भीति कळते. ती खोटी आहे असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. लोक चौकशा करतात, आणि मुलगी परत फिरते. परंतु या झांकपाकीचा परिणाम दुहेरी होतो. एक तर खरोखर आजारी असलेलें मूल शर्यतींत उतरतें. दुसरें असें कीं, मुळींच आजारी नसलेलें मूल जन्मभर कडेला बसतें. हा दुसरा अन्याय मुलींच्या वांट्यास अधिक येतो. अनेक निरोगी मुलांच्या हृदयांत नळीला एक निरुपद्रवी आवाज ऐकूं येतो, व वाढत्या वयाबरोबर तो बहुधा आपोआप जातो. पण तिसरींत असतां कोणी ‘आवाज आहे’ एवढें म्हटलें, आणि आईनें तें मनांत धरलें, कीं ती मुलगी दहावीपर्यंत कवायतीच्या तासाला झाडाखालीं दप्तरें राखीत बसते. तिला एकदां हृदयाच्या तज्ज्ञांस दाखविलें असतें तर तिच्या पायांतील बेडी निघाली असती. दम्याचेंहि तसेंच आहे. औषध नीट घेणारें मूल खेळूं शकतें, पळूं शकतें. तपासणी मनाई करण्याकरितांच असते असा जो समज आहे तो या कारणानें टाकून द्यावा. कितीतरी वेळां ती मोकळीक देते.

दाखल्याऐवजीं शाळेनें काय करावें, तेंहि सांगतों. आमच्या मतें हा सरसकट दाखला मागणें बंद करावें. त्याच्या जागीं वर सांगितलेल्या प्रश्नांचें पत्रक जूनमध्येंच घरीं पाठवावें, व तें आईवडिलांनीं सही करून बंद पाकिटांत द्यावें. तें वर्गांत वाचलें जाणार नाहीं, फक्त मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षक यांनाच माहीत राहील, अशी हमी शाळेनें द्यावी. हमी नसेल तर खरें उत्तर कोणी लिहिणार नाहीं. ज्यांचें एखादें उत्तर ‘होय’ असेल, अशांनाच तपासणीला पाठवावें, आणि ती खरी तपासणी असावी. यासाठीं पैसाच हवा असें नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत पालघर येथें ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ या योजनेचा आरंभ झाला. तींत सरकारी व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ठरलेली आहे, आणि ज्या दोषांचा शोध घ्यावयाचा त्यांत जन्मजात हृदयदोष व संधिज्वरानंतरचा हृदयविकार हे दोन्ही आहेत. पथक शाळेंत येतें त्या दिवशीं पुष्कळ पालक मुलाला घरीं ठेवून घेतात, उगाच कांहीं निघालें तर काय म्हणून ! तसें करूं नये.

येथवर मुलांविषयीं झालें. पण हा अंक पालकहि वाचतात. आई दिवसभर एका जागीं बसून विड्या वळते, वडील मागापुढें उभे असतात. दोघांनाहि वाटतें, आपण कष्ट करतों, तर आपल्याला व्यायाम कशाला? बसून केलेल्या कष्टानें बोटें झिजतात, हृदयाला मात्र चालना मिळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला आहे, व शाळकरी मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटें. मध्यम म्हणजे काय हें ओळखण्यास यंत्र नको. चालतां चालतां बोलतां येतें पण गाणें म्हणतां येत नाहीं, तो मध्यम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. चाळिशीच्या पुढील ज्या गृहस्थांना एकदम जोराकडे जावयाचें आहे, जिममध्यें नांव घालावयाचें आहे किंवा शर्यतींत धांवावयाचें आहे, त्यांनीं मात्र आधीं रक्तदाब, साखर व चरबी पाहून घ्यावी, आणि आपल्या वडिलांना, चुलत्यांना, मामांना काय झालें होतें तें डॉक्टरांस सांगावें. अमेरिकेंत १९७७ सालीं धांवण्यावर पुस्तक लिहून ज्यांनीं हजारों लोकांना पळावयास लाविलें ते जिम फिक्स १९८४ सालीं, ५२ व्या वर्षीं, धांवतांनाच गेले. त्यांच्या हृदयाच्या वाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. त्यांचे वडीलहि ४३ व्या वर्षीं हृदयविकारानेंच वारले होते. हें उदाहरण धांवण्याविरुद्ध नेहमीं सांगण्यांत येतें. आम्हांला तें घरचा इतिहास न विसरण्याकरितां सांगावेंसें वाटतें. रक्तदाब १६० वर ९० किंवा त्याहून अधिक असेल, तर तो आटोक्यांत येण्यापूर्वीं वजनें उचलूं नयेत. मधुमेहाचें इंजेक्शन वा गोळ्या घेणारांनीं खिशांत साखरेची पुडी ठेवावी, व रोज रात्रीं तळपाय उजेडांत पाहावे. बधिर झालेल्या पायाला बुटांतला खडा कळत नाहीं.

सोलापूरच्या हवेबद्दल दोन शब्द सांगून आम्ही थांबतों. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि सुट्टी तेव्हांच लागत असल्यामुळें मुलांना धांवण्याची हुक्कीहि तेव्हांच येते. शरीराला उन्हाची संवय लागावयास एक ते दोन आठवडे जातात. तोंवर नेहमींच्या निम्म्यावर राहावें. सूर्य वर येण्यापूर्वीं मैदान सोडावें, तहान लागण्याची वाट न पाहतां घोट घोट पाणी घेत असावें, व अंतर दर आठवड्यास थोडेंच वाढवावें. धांवतांना एखादा अडखळूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, अंग भट्टीसारखें तापलेलें लागलें, तर त्याला सावलींत निजवून अंगावर लगेच पाणी ओतावें, ओल्या फडक्यांनीं वारा घालावा, आणि गाडी बोलावण्यास दुसऱ्याला पाठवावें. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. होम मैदानावर रोज येणाऱ्या मुलांनीं निदान दोघादोघांच्या जोडीनें यावें, व एकाच्या खिशांत दोन्ही घरांचे दूरध्वनि-क्रमांक लिहिलेला कागद असावा.